चौघं एकदम बोलतात तेव्हा

ती. आई-बाबांस,
सा. न.

रविवारी बाबांनी फोनवर विचारलं, "अभ्यास कसा चाललाय?" मी "बरा" म्हटलं आणि विषय बदलला. बरा नव्हता. फोनवर सांगायला गेले असते तर आवाज गेला असता, म्हणून लिहिते. आता तो प्रसंग मागे पडलाय, तेव्हा आईने लगेच फोन उचलू नये. आधी पूर्ण वाचावं.

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ऐकण्याचा जो पेपर असतो, त्यात ४ भाग, ४० प्रश्न आणि साधारण ३० मिनिटं असतात. रेकॉर्डिंग एकदाच वाजतं. "काय म्हणालात?" विचारायची सोय नाही. पहिल्या भागात दोघांचं रोजच्या कामाचं बोलणं असतं, दुसऱ्यात एकच माणूस कसली तरी माहिती सांगतो, चौथ्यात व्याख्यान. आणि तिसऱ्यात चर्चा. दोन-तीन विद्यार्थी, कधी त्यांचे शिक्षकही, एखाद्या प्रकल्पावर बोलत असतात. जास्तीत जास्त ४ माणसं.

मी घरी वेळ लावून सराव परीक्षा दिली. पहिल्या भागात १० पैकी १०, दुसऱ्यात ८, चौथ्यात ७. तिसऱ्यात ३. एकूण २८. मला ७ बँड, म्हणजे या परीक्षेतली ७ ची श्रेणी, हवीय आणि त्याला ४० पैकी साधारण ३० लागतात.

मला राग कशाचा आला सांगू? व्याख्यानातले शब्द चर्चेपेक्षा कितीतरी अवघड होते, तिथे मात्र ७ आले. दुसऱ्या दिवशी चर्चेचं तेच रेकॉर्डिंग, छापील संभाषण समोर ठेवून पुन्हा ऐकलं. एकही शब्द अडला नाही. म्हणजे शब्द सगळे येत होते आणि उत्तरं चुकली होती. मग इतकी वर्षं मी इंग्रजी शिकले म्हणजे नेमकं काय शिकले, असं वाटून त्या दिवशी पुस्तक मिटूनच टाकलं.

नंतर शांतपणे पाहिलं तेव्हा कळलं. व्याख्यान देणारा एका वाटेने सरळ जातो. चर्चेत माणसं मत मांडतात, मागे घेतात, दुसऱ्याचं अर्धं मान्य करतात. समजा, प्रश्न आहे की हे दोघं पाहणी कशी करणार. मुलगा म्हणतो, प्रत्यक्ष भेटून विचारू. मुलगी म्हणते, त्यात फार वेळ जाईल. तो म्हणतो, पण उत्तरं खरी मिळतील. ती म्हणते, मिळतील, पण मिळणार किती जणांची? मग फोनचा विषय निघतो, तोही बारगळतो. शेवटी ती ऑनलाइन फॉर्म सुचवते आणि तो म्हणतो, "आय सपोज सो." संपलं. उत्तर फॉर्म. "भेटून" हे तीन वेळा कानावर पडलेलं असतं आणि फॉर्म एकदाच, तोही जाता जाता. मी अर्थात "भेटून"वर खूण केलेली. शिवाय प्रश्नपत्रिकेतले शब्द रेकॉर्डिंगमध्ये तसेच्या तसे सहसा येतच नाहीत, आणि जो शब्द तसाच येतो तो बऱ्याचदा फसवायला ठेवलेला असतो.

आता गंमत बघा. आपल्या घरात बाबा "बघू" म्हणाले की ते "नाही" असतं, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक आहे. आई "करा तुम्हाला हवं ते" म्हणाली की ते मुळीच करायचं नसतं. इंग्रजीतही असंच चालतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. "आय सपोज सो" हा मनाविरुद्धचा होकार. "फेअर इनफ" म्हणजे तुझं राहू दे, मी माझं सोडलं. "आय सी व्हॉट यू मीन" ऐकलं की मी पूर्वी होकार धरायची. आता पुढे "बट" येतो का याची वाट बघते, आणि तो बहुतेक येतोच. "या", म्हणजे बोलण्यातलं "येस", हा एकच शब्द, पण झटकन म्हटला तर हो, लांबवून म्हटला तर मनात शंका.

तेव्हा मी पद्धत बदलली. चर्चेच्या आधी प्रश्न वाचायला थोडे सेकंद मिळतात, त्यात पर्याय पाठ करत बसत नाही. वाद कशावरून होणार एवढंच बघते. ऐकताना वाक्यं लिहीत नाही. प्रत्येकाच्या नावाचं पहिलं अक्षर आणि पुढे बरोबर किंवा फुली. मत फिरलं की खूण खोडायची. प्रश्न रेकॉर्डिंगच्या क्रमानेच येतात, त्यामुळे एखादा हुकला तर त्याच्यामागे धावत बसायचं नाही, नाहीतर पुढचे दोनही जातात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून जागा रिकामी सोडायची नाही. कालच्या सरावात तिसऱ्या भागात ७ आले.

बाबा, आता तुमच्याबद्दल.

ज्या दिवशी ३ आले, त्या दिवशी चर्चा सुरू झाल्यावर दोन मिनिटांनी माझं नेमकं काय झालं ते आठवून बघितलं. आवाज येत होते. कोण बोलतंय ते कळायच्या आत दुसरं कुणी बोलायला लागायचं. चेहरे नव्हते, ओठ नव्हते. एक वाक्य निसटलं, ते शोधेपर्यंत पुढची तीन गेली, आणि मग मी नुसती बसून राहिले. तसंच बसलेलं मी कुणाला तरी पाहिलं होतं. गेल्या वेळी सगळे जमले होते तेव्हा तुम्ही. एकदा "काय?" म्हणालात, नंतर नुसते हसत मान डोलावत होतात. आम्ही म्हणालो, बाबा हल्ली अबोल झालेत.

वयानुसार ऐकू कमी येतं तेव्हा आधी बारीक, उंच सूर जातात. स, श, फ, थ हे आवाज त्यातलेच. स्वर नीट पोचतात, म्हणून कुणीतरी बोलतंय हे कळतं, पण शब्द पुसट होतो. त्यामुळेच एकट्या आईशी शांत खोलीत बोलताना तुमचं काही अडत नाही आणि चौघं एकदम बोलले की अडतं. त्यावर आई ओरडून सांगते. आई, तुझा हेतू चांगला, पण त्याने स्वरच मोठे होतात, शब्द स्पष्ट होत नाही. समोर बसून, जरा सावकाश बोल.

कान तपासून घ्या ना, बाबा. दुखत नाही. हेडफोन लावतात, बारीक आवाज सोडतात, ऐकू आला की बटण दाबायचं. माझ्या परीक्षेपेक्षा सोपी, आणि कुणी मधेच मत बदलत नाही. आईने आठवडाभरात वेळ घ्यावी. आणि "बघू" म्हणू नका, त्याचा अर्थ मला कळतो.

पुढच्या रविवारी फोन स्पीकरवर ठेवू नका. आधी बाबा बोलतील, मग आई. आईने मागून सूचना द्यायच्या नाहीत. परीक्षा त्यानंतरच्या शनिवारी सकाळी आहे, त्या दिवशी मीच दुपारी फोन करीन.

तुमची,
धाकटी