सरासरीच्या पाण्याने घागर भरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

देशातील दरडोई पाण्याची उपलब्धता २०२१ मध्ये १,४८६ घनमीटर होती आणि २०३१ मध्ये ती १,३६७ घनमीटरवर येईल, हा केंद्रीय जल आयोगाचा अंदाज बातम्यांतून वारंवार वाचायला मिळतो. १,७०० च्या खाली पाण्याचा ताण आणि १,००० च्या खाली टंचाई, अशी त्यासाठीची मोजपट्टी आहे. परंतु हा आकडा म्हणजे देशातील सुमारे १,९९९ अब्ज घनमीटर वार्षिक सरासरी पाण्याला लोकसंख्येने दिलेला भाग असून, त्या पाण्यातील चौथ्या हिश्श्याहून अधिक वाटा एकट्या ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला आहे. तो आमच्या हिशेबात धरून सोलापूरकराचे काय भागणार?

आमच्या घरी नळाची पाळी चौथ्या-पाचव्या दिवशी येते. पहाटे उठून आधी पिण्याचे हंडे, मग पिंप आणि धार बारीक होईस्तोवर जमेल तेवढ्या बादल्या, असा क्रम ठरलेला आहे. दरडोई उपलब्धता आम्ही अशी मोजतो.

आम्हाला पाणी पुरवणाऱ्या, भीमेवरच्या उजनी धरणाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) असली, तरी त्यापैकी ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या विसर्गाच्या पातळीखालचे पाणी आहे आणि धरणाची टक्केवारी त्याच्या वरच्या साठ्यावर मोजतात. धरण ‘शून्याखाली’ कसे जाते, असे परगावचे पाहुणे विचारतात. २०२४ च्या उन्हाळ्यात तर ते उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेले होते. शिवाय धरण भरते ते पुणे जिल्ह्यातील घाटमाथ्यावरच्या पावसाने. त्यामुळे आमच्या उद्याच्या पाण्याचा अंदाज बांधताना आमच्या पावसाइतकीच पुण्याची वाढती तहानही मोजावी लागेल.

मोजण्याची सावध रीत आपल्याकडे जुनीच आहे. ज्या कृष्णा खोऱ्यात आपली भीमा येते, त्याचे पाणी राज्यांत वाटताना बच्छावत लवादाने सरासरी प्रवाह न धरता चारपैकी तीन वर्षे हमखास मिळेल एवढेच, म्हणजे ७५ टक्के विश्वासार्हतेचे २,०६० टीएमसी पाणी धरले होते. राज्याराज्यांत पाळलेली ही शिस्त जिल्ह्यातील उसाचे क्षेत्र, कारखान्यांची गाळप क्षमता आणि शहराची हद्दवाढ ठरवताना मात्र कुणाला आठवत नाही. धरण भरले की लागवड वाढते आणि पुढच्या उन्हाळ्यात टँकर सुरू होतात.

म्हणून भीमेच्या प्रत्येक उपखोऱ्याचा हमखास मिळणारे पाणी, भूजल, बाष्पीभवन आणि धरणात साचलेला गाळ धरून केलेला ताळेबंद दर वर्षी पावसाळा संपताच, रब्बीचे आवर्तन ठरण्यापूर्वी जाहीर करावा, अशी विनंती आपल्या पत्रातून जलसंपदा विभागाला करीत आहे.

आपला,
एक नियमित वाचक, सोलापूर