मेडिकलच्या काउंटरमागच्या दोस्ताला

गोवंडी, रविवार

प्रिय दोस्ता,

डी. फार्म. पुरं करून तू कल्याणच्या मेडिकलमध्ये लागलास, हे काकूंकडून कळलं. फार बरं वाटलं. आपल्या गल्लीतला पोरगा औषधांच्या काउंटरमागे उभा आहे, यात माझाही स्वार्थ आहे. तो आज सविस्तर लिहितो.

शिवाजीनगरातला आमचा युवा गट तुला माहीत आहेच. बालवाडीच्या खोलीत आम्ही दर आठवड्याला बैठक घेतो. मुलांची आम्ही, मुलींची मुलीच घेतात. पाळी, वयात येणं, दिवस जाणं, निरोध, एचआयव्ही, नको असताना कुणी हात लावला तर काय करायचं, सगळ्यावर बोलतो. बोलणं बहुतेक हिंदीत, कारण बरीच पोरं जरीच्या कारखान्यातली आहेत. २००७ मध्ये आपल्या राज्यात शाळांमधलं लैंगिक शिक्षण थांबवलं, तेव्हापासून ते असावं की नसावं यावर किती वाद झाले! पण सातवीतच शाळा सुटलेल्या पोराला ते चालू काय नि बंद काय. दहा बाय पंधराच्या खोलीत सगळं कुटुंब झोपतं. तिथे तो विचारणार कुणाला? म्हणून एकाच नळावर पाणी भरणाऱ्या, दोन-चार वर्षांनी मोठ्या पोरांनीच हे बोलायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

बुटाच्या खोक्याला फट पाडून ठेवली आहे. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. ‘हाताने केल्याने कमजोरी येते का?’ ‘पहिल्या रात्री रक्त आलं नाही तर मुलगी खराब असते का?’ ‘एकदाच केलं तर दिवस राहतात का?’ मागे एक जण बैठक संपल्यावर मागेच थांबला. खिशातून कागदाची पुडी काढली, आत काळ्या गोळ्या. झोपेत धात (वीर्य) जाते म्हणून रेल्वे लाइनजवळच्या भिंतीवरचा गुप्तरोगवाल्याचा नंबर फिरवला होता आणि ओव्हरटाइमचे सगळे पैसे त्याला दिले होते. या वयात तसं होणं नैसर्गिक आहे, शरीराचं काही कमी होत नाही, हे त्याला सांगितलं. त्याने परत परत एकच विचारलं, “मतलब, गोली बंद कर दूँ?”

संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाला वाचक असेच प्रश्न पाठवायचे. त्यांची उत्तरं छापली म्हणून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये बाबासाहेबांनी त्यांचं वकीलपत्र घेतलं. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. आमच्या गटात बाबासाहेबांचे लढे पाठ असलेली पोरं आहेत, पण हा कुणालाच माहीत नव्हता. एकीची आई तिला बैठकीला पाठवत नव्हती. पोरीने घरी जाऊन एवढंच सांगितलं, “याच गोष्टीसाठी बाबासाहेब कोर्टात उभे राहिले होते.” आता ती दर वेळी येते.

पण आम्ही खोलीत कितीही सांगितलं तरी पुढची पायरी तुझ्या काउंटरची आहे. आमच्यातली एक वीस वर्षांची मुलगी दिवस राहू नयेत म्हणून संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी मागायला मेडिकलमध्ये गेली. दुकानदाराने सगळ्यांदेखत विचारलं, “कुणासाठी? लग्न झालंय का?” मागे वडिलांच्या ओळखीचे गृहस्थ उभे होते. ती तशीच परत फिरली. मुदत गेली, दिवस राहिले. मग दुसऱ्या एका दुकानातून चिठ्ठीशिवाय गर्भ पाडायच्या गोळ्या मिळाल्या; त्यांनी मात्र काहीच विचारलं नाही. रक्तस्राव थांबेना तेव्हा तिने आमच्या ताईला फोन केला. आम्ही दवाखान्यात नेलं, ती सावरली. दवाखान्यात आधीच का गेली नाहीस, असं विचारलं तर म्हणाली, “पप्पांची सही लागेल ना.” दोस्ता, लागत नाही! अठरा पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची सही पुरते, लग्न झालेलं असो वा नसो. एवढी एक गोष्ट तिला वेळेत कुणी सांगितली नाही, याचा मला आजही राग येतो.

अठराच्या आतल्यांचं जास्त अवघड आहे. पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, मुलीची संमती असली तरी संबंध हा गुन्हाच, आणि कळलं की पोलिसांत सांगणं बंधनकारक. हे आम्ही बैठकीत सुरुवातीलाच सांगतो, लपवत नाही. पण त्या धास्तीने पोरी दवाखान्याची पायरीच चढत नाहीत. गर्भपाताला पालकांची संमती लागते, हे खरं. मात्र मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिचं नाव सांगायची गरज नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. हे तुझ्या ओळखीच्या डॉक्टरांनाही सांग.

तुझ्याकडून मला काय हवंय? कुणी ती गोळी मागितली तर आवाज खाली ठेव, लग्नाचं विचारू नकोस. जितकी लवकर घेतली तितकी चांगली, आधीच दिवस राहिले असतील तर उपयोग नाही, रोगापासून ती वाचवत नाही, आणि पाळी आठवड्यापेक्षा लांबली तर तपासणी करायची, एवढं सांगायला एक मिनिट पुरे. निरोध कागदात गुंडाळताना तारीख बघायला सांग, आणि खोबरेल लावू नको म्हणून सांग. तेलाने रबर फाटतं, आणि तेल लावणारे खूप आहेत. गर्भपाताच्या गोळ्या मात्र डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय कुणालाही देऊ नकोस, मालक कितीही म्हणाला तरी.

आणि एकदा इकडे ये. मेडिकलमध्ये काय मागायचं, कसं मागायचं, यावर पोरांना तुझ्याच तोंडून ऐकायचंय. रिकामी पाकिटं घेऊन ये, हातात धरून दाखवता येतील. मुलींच्या गटानेही वेगळी वेळ मागितली आहे. त्यांची ताई सोबत असेल. कोणता रविवार मोकळा आहे ते कळव. रात्री दहानंतर फोन केलास तर मी घरीच असतो.

तुझा,
गल्लीतला दोस्त