पाळक म्हणजे मेंढपाळच

रविवारच्या पुरवणीत चर्चमधल्या नेतृत्वावरचा लेख वाचला, त्यात पाळकाने, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूने, आता मॅनेजरसारखं काम करायला पाहिजे असं म्हटलंय ते मला अजिबात पटलं नाही. हिशोब चोख हवाच, त्यावर वाद नाही, पण आपण मराठी ख्रिस्ती लोक त्यांना 'पाळक' म्हणतो आणि इंग्रजीतला पास्टर हा शब्दसुद्धा लॅटिनमध्ये मेंढपाळालाच होता, बिशपच्या हातातली वाकडी काठीही मेंढपाळाचीच.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायात चांगला मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो आणि त्यांच्या पुढे चालतो, आणि पगारी माणूस लांडगा दिसला की पळून जातो, म्हणजे फरक तिथंच सांगितलाय. आमच्या गावाकडे दरवर्षी धनगर येऊन शेतात मेंढरं बसवतात, तेव्हा मी पाहिलंय, नुकतं जन्मलेलं कोकरू चालू शकत नाही म्हणून म्हातारबाबा ते घोंगडीत गुंडाळून छातीशी धरून चालत होते, लंगडी मेंढी मागं पडली तर अख्खा कळप थांबवत होते, आणि रात्री झोपायचे तेही वाघरीला, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीला, लागूनच.

पोप फ्रान्सिसनी 2013 मध्ये धर्मगुरूंना हेच सांगितलं होतं की तुमच्या अंगाला मेंढरांचा वास यायला पाहिजे. चर्चच्या मंडळीतली एखादी आजी चार रविवार दिसली नाही तर पाळक स्वतः तिच्या घरी गेले का, एवढं तरी आधी विचारायला हवं, रिपोर्ट नंतर बघू.

- एक वाचक, अहिल्यानगर