शाळेत कोण येते, यावरून शाळेची गुणवत्ता ठरवू नये

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
शाळा-शोध व गुणांकन सेवा

विषय : संमिश्र विद्यार्थिवर्ग असलेल्या शाळांना दिल्या जाणाऱ्या दिशाभूल करणाऱ्या गुणांकनाबाबत तक्रार.

महोदय,

मी वडोदऱ्याची रहिवासी असून धाकट्या मुलाच्या पहिलीच्या प्रवेशासाठी आपल्या ॲपचे वार्षिक सदस्यत्व पैसे भरून घेतले आहे. सदस्यांना प्रत्येक शाळेची ‘खरी गुणवत्ता’ दहापैकी गुणांत कळेल, असे आपली जाहिरात सांगते. माझी मोठी मुलगी वाडी भागातील ज्या शाळेत सातवीत शिकते, त्या शाळेला आपण ४.१ गुण दिले आहेत आणि नावाखाली ‘सरासरीपेक्षा कमी’ अशी तांबडी पट्टी लावली आहे. तिच्या कित्येक पट शुल्क घेणाऱ्या, शहराच्या पश्चिम भागातील एका शाळेला ९.२ गुण आहेत. या तफावतीचा मोठा भाग मुलांच्या घरच्या परिस्थितीतून आलेला आहे, आणि तो शिकवण्यातला फरक म्हणून मला विकण्यात आला, ही माझी तक्रार आहे.

आपले गुणांकन दहावीचा निकाल, इमारत व सोयी आणि पालकांचे अभिप्राय या तीन गोष्टींवर बेतलेले आहे, असे आपणच ॲपमध्ये नमूद केले आहे. मूल शाळेत आले तेव्हा त्याला काय येत होते आणि शाळेने त्याला कुठवर नेले, याचा त्यात कुठेही विचार नाही. माझ्या मुलीच्या वर्गात घरी गुजराती, मराठी, हिंदी आणि सिंधी बोलणारी मुले आहेत. मंगळ बाजारात दुकान असलेल्यांची आहेत, मकरपुऱ्याच्या कारखान्यांत कंत्राटी काम करणाऱ्यांची आहेत आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(१)(क) खाली २५ टक्के राखीव जागांवर पहिलीत आलेलीही आहेत. तिच्या शेजारी बसणारी मुलगी पाचवीत बिहारहून आली तेव्हा तिला गुजराती अक्षरओळखही नव्हती. गुजराती अक्षरे काढतानाही ती सवयीने प्रत्येक शब्दावर देवनागरीची शिरोरेघ ओढत असे. वर्गशिक्षिका शाळा सुटल्यावर तिला थांबवून घेत, माझ्या मुलीला सोबत बसवत आणि दुसरीच्या वाचनमालेतील एकेक ओळ दोघींकडून आळीपाळीने वाचून घेत. आज ती मुलगी सामाजिक शास्त्राची उत्तरे स्वतःच्या शब्दांत गुजरातीत लिहिते. उद्या तिला दहावीला पंचावन्न टक्के मिळाले, तर आपल्या हिशेबात ती शाळेची सरासरी खाली ओढणारी विद्यार्थिनी ठरेल. माझ्या मते त्या शाळेने केलेले सर्वांत मोलाचे काम तेच आहे.

निकाल पाहूच नये, असे माझे म्हणणे नाही. पालक म्हणून तो मलाही हवा असतो. परंतु शंभर टक्के निकालाची पाटी लावणाऱ्या काही शाळा नववीतल्या कच्च्या मुलांच्या पालकांना बोलावून एल.सी. घेऊन जाण्यास सुचवतात, हे आपल्याकडच्या पालकांना ठाऊक आहे. नववीत किती मुले होती आणि त्यांपैकी किती त्याच शाळेतून दहावीला बसली, हा साधा आकडा आपण निकालाशेजारी देत नाही. परिणामी मुलांना गाळणारी शाळा वर चढते आणि त्यांना सांभाळून घेणारी खाली जाते.

ही त्रुटी नवी नाही आणि केवळ आपल्या देशातलीही नाही. अमेरिकेत शाळांना एक ते दहा असे गुण देणाऱ्या ग्रेटस्कूल्स या संस्थेवर हाच आक्षेप वर्षानुवर्षे घेतला गेला, आणि २०१७ साली तिने एकूण गुणांत विद्यार्थ्यांची प्रगती व निरनिराळ्या गटांतील समानता यांचा समावेश केला. अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले जोशुआ अँग्रिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क व डेन्व्हर येथील शाळांचा अभ्यास करून असे दाखवले, की प्रचलित गुणांकनाचा विद्यार्थ्यांच्या वंशाशी दिसणारा संबंध मुख्यतः कोणती मुले कोणत्या शाळेत जातात यातून येतो. शाळेच्या स्वतःच्या कामगिरीशी त्या वांशिक प्रमाणाचा फारसा संबंध आढळत नाही. इंग्लंडमध्ये ऑफस्टेड या शाळा-तपासणी संस्थेने सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांना एका शब्दात शेरा देण्याची पद्धत सप्टेंबर २०२४ मध्ये बंद केली. आपण मात्र वाडीतल्या शाळेची अख्खी ओळख एका आकड्यात आणि एका तांबड्या पट्टीत संपवता.

पालकांच्या अभिप्रायांबाबतही तेच. आपला अर्ज फक्त इंग्रजीत आहे आणि त्यासाठी ईमेल लागतो. राखीव जागांवरच्या मुलांच्या आयांपैकी, ज्या पालकसभेत मोकळेपणाने आणि मुद्देसूद बोलतात, त्यांपैकी कोणाचाही अभिप्राय मला तिथे दिसला नाही. ऑनलाइन अभिप्राय गोळा करणे, तपासणे व प्रसिद्ध करणे यासाठी भारतीय मानक ब्यूरोने आयएस १९०००:२०२२ हे मानक काढले आहे. ते ऐच्छिक असले, तरी आपण ते पाळता किंवा नाही हे ग्राहकांना कळले पाहिजे.

या तांबड्या पट्टीचे परिणाम प्रत्यक्षात होतात. आमच्याच सोसायटीतील दोन कुटुंबांनी ती पाहून या शाळेत चौकशीलाही न जाता मुले दुसरीकडे घातली. ऐपत असलेली घरे अशी निघून गेली की वर्ग संमिश्र राहत नाही, आणि मग आपले गुण खरे ठरल्यासारखे दिसू लागतात. ज्या बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण सर्वत्र मोफत व सक्तीचे केले, तिथल्या शाळांबाबत हे घडावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

म्हणून माझी मागणी आहे, की ‘सरासरीपेक्षा कमी’ हा शेरा तात्काळ काढावा. मुलांच्या प्रगतीची माहिती नसेल तिथे एकूण गुण देऊ नयेत. यू-डायस प्लस या सरकारी शालेय माहिती-संकेतस्थळावर शाळानिहाय उपलब्ध असलेली पटसंख्या व शिक्षकसंख्या, राखीव जागांवरील मुलांचे प्रमाण आणि नववी ते दहावीची गळती निकालाच्या शेजारी दाखवावी. आणि अभिप्राय गुजराती, हिंदी व मराठीत, फोनवरूनही स्वीकारावेत. ‘खरी गुणवत्ता’ या शब्दांवर विसंबून मी भरलेले सदस्यत्व शुल्कही परत मिळावे.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार या तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे आपणांस बंधनकारक आहे. तसे न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. सदस्यत्वाची पावती, जाहिरात आणि दोन्ही शाळांच्या पानांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

आपली विश्वासू,
एक पालक व सशुल्क सदस्य
वडोदरा