पायाचा बाक आणि संगणकाचं बिल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत संगणकाच्या मदतीनं होणाऱ्या गुडघेबदलाचं भरभरून कौतुक वाचलं. दीड वर्षापूर्वी माझा डावा गुडघा याच पद्धतीनं अर्धा बदलला, म्हणून लिहितो.

अर्धा म्हणजे आतल्या बाजूची झिजलेली कड तेवढी बदलली. बाकीचा गुडघा, लिगामेंटसकट (हाडं एकमेकांना बांधून ठेवणारे पट्टे), माझाच. ३१ वर्षं सातारा-स्वारगेट गाडीत सीटला गुडघा टेकवून तिकिटं फाडली, दुसरं काय होणार?

मांडीच्या आणि नडगीच्या हाडात पिना बसवून त्यांवर खुणा लावतात. कॅमेरा त्या टिपतो आणि पाय किती वाकडा ते पडद्यावर अंशांत दिसतं. भूल कमरेखाली होती, त्यामुळं डॉक्टरांचं बोलणं ऐकू येत होतं : "दोन अंश राहू दे." घरी आल्यावर बायको म्हणाली, "एवढा खर्च केला आणि पाय फेंगडाच!" महिनाभर आम्ही दोघं डॉक्टरांच्या नावानं कुढत होतो. तपासणीला गेल्यावर उलगडा झाला. अर्ध्या गुडघ्यात पाय पुरता सरळ केला, तर भार चांगल्या बाजूवर जातो आणि तीही झिजते. म्हणून थोडा बाक मुद्दाम ठेवतात. हे आधी सांगायला काय झालं होतं? नडगीवरची पिनांची भोकं गुडघ्यापेक्षा जास्त दिवस ठणकली, त्याबद्दलही कुणी चकार शब्द काढला नव्हता.

आज मी साताऱ्याच्या टेकडीवरच्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत चढून जातो. उतरताना काठी लागते. पण यात संगणकाचं श्रेय किती? सांधा नेमका बसतो, हे अभ्यासांत दिसलंय. त्यामुळं दुखणं जास्त कमी होतं किंवा चाल जास्त सुधारते, असं ठामपणे दिसलेलं नाही. २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या ५२८ रुग्णांच्या चाचणीत पाच वर्षांनंतर अर्धा आणि पूर्ण गुडघा जवळपास सारखेच ठरले. मात्र पुन्हा शस्त्रक्रियेची पाळी अर्ध्यात जास्त येते, असं देशोदेशींच्या नोंदी सांगतात. वर्षाकाठी मोजकेच अर्धे गुडघे करणाऱ्यांच्या हातून तर अधिकच. पुरवणीत यातलं अक्षरही नाही.

कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर केंद्रानं ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली. माझ्या बिलात 'नेव्हिगेशन चार्ज', म्हणजे या संगणकाचा आकार, १८ हजार, वेगळा. त्याला कसली मर्यादा? बरं, घ्या पैसे. पण शेवटी पडद्यावर किती अंश आले, तो कागद डिस्चार्ज कार्डाला जोडा की! आम्ही कंडक्टर लोक फेरी संपली की पैशापैशाचं वेबिल भरून द्यायचो. मी तो कागद तीनदा मागितला. "सिस्टिममध्ये आहे, काका," एवढंच उत्तर मिळालं.

– एक निवृत्त एसटी कंडक्टर, सदर बझार, सातारा