मंत्रिमहोदय, आमच्या धवलारणीची नोंद कधी घेणार?

प्रति,
मा. मराठी भाषा मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा नवी मुंबईतल्या घणसोली गावठाणातल्या आम्हा आगऱ्यांनाही आनंद झाला. मराठीच्या जुनेपणाचा विषय निघाला की आद्य कवयित्री महदंबेच्या धवळ्यांचं नाव येतंच. तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला गायलेली ती लग्नगीतं. मराठी भाषा विद्यापीठही सरकारनं तिथंच काढलं, योग्यच केलं.

पण धवले आमच्याकडे अजून गायले जातात. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणारी बाई, म्हणजे धवलारीण, बसते आणि तिच्या गाण्यावर विधी पुढे सरकतात. वही नाही, पोथी नाही, सगळं पाठ. आगऱ्यांच्या हळदीचा डीजे अख्ख्या ठाणे जिल्ह्याला ऐकू जातो (त्यात आमचाच दोष), धवलारीण मात्र मांडवातल्यांनाही ऐकू येईनाशी झाली आहे. हाताशी शिकणाऱ्या पोरी नाहीत. सिडकोनं जमिनी घेतल्या, त्यांचा हिशेब सातबाऱ्यावर तरी सापडतो. या गाण्यांचा कुठेच नाही.

एप्रिल 2025 मध्ये पहिलीपासून हिंदी लादायला निघालात, तेव्हा आम्हीही विरोध केला. भोजपुरी, राजस्थानी बोलणारे जनगणनेत हिंदीत धरतात, म्हणून आपण मराठी माणसं कुरकुरतो. मग शाळेत आगऱ्याचं पोर 'मला'ऐवजी 'मना' म्हणालं की वर्ग हसतो, त्याचं काय? दिल्लीनं मराठीशी जसं वागू नये असं आपल्याला वाटतं, तसं मुंबईनं आगरी, वारली, कातकरी बोलींशी वागू नये, एवढंच. संविधानाचं 29 वं कलम भाषा जपण्याचा हक्क नागरिकांच्या कुठल्याही गटाला देतं, त्यात गट किती मोठा हवा हे लिहिलेलं नाही.

फेब्रुवारी 2027 मध्ये जनगणनेचे प्रगणक दारात येतील. मातृभाषा आगरी सांगितली तर तशीच लिहा, अशी सूचना त्यांना मिळावी म्हणून आपण केंद्राकडे शब्द टाका. आगरी लिहिल्यानं मराठीचा अपमान होतो असं म्हणणारे भेटतील. त्यांना आमच्याकडे पाठवा, आम्ही बोलतो.

आणि विद्यापीठाकडून धवले ध्वनिमुद्रित करून घ्या. धवलारणीचं मानधन जीआरमध्येच लिहा, सत्काराच्या शालीवर भागवू नका. बऱ्याच जणी आता थकल्या आहेत, तेव्हा त्यांना रिद्धपूरला बोलावण्यापेक्षा ध्वनिमुद्रणाची माणसं गावठाणात पाठवा. शक्यतो मे महिन्यात, लग्नसराई असते.

आपला,
घणसोलीचा एक आगरी