संज्या, उद्याच बाळाची लघवी तपासून घे

अरे संज्या,

काल फोनवर तू म्हणालास बाळ 17 दिवसांचं झालं, डोळे अजून पिवळट आहेत पण सगळे म्हणतात जाईल हळूहळू, तेव्हापासून मला चैन नाहीये. आमच्या चिंटूचं अगदी असंच झालं होतं. तिसऱ्या दिवशी कावीळ दिसली, ती बहुतेक बाळांना होतेच म्हणून आम्ही निवांत, आजी त्याला रोज रामबागेतल्या घराच्या गच्चीवर कोवळ्या उन्हात घेऊन बसायची, शेजारच्या भाभी म्हणायच्या पीलिया झाडून आणा, आणि एका डॉक्टरांनी काही न तपासता सांगून टाकलं की आईच्या दुधाची कावीळ आहे, राहते महिनाभर. तशी असते रे ती, आणि त्यात दूध बंद करायचं नसतं, पण बाकी सगळं तपासून झाल्यावर म्हणायचं ना तसं!

ताप नव्हता, एकदाही नाही. फक्त दोन घोट प्यायला की झोपायचा, आणि 18 व्या दिवशी वजन जन्मापेक्षाही कमी भरलं. त्याच दुपारी हिने पांढरा लंगोट माझ्यासमोर धरला, त्यावर हळदीसारखा डाग. एवढ्याशा बाळाची लघवी पाण्यासारखी हवी, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या डॉक्टरांनी बिलिरुबिन, म्हणजे रक्तातलं कावीळ आणणारं पिवळं द्रव्य, बघितलं, टोटल आणि डायरेक्ट (लिव्हरने पित्तात टाकण्यासाठी तयार केलेलं) वेगवेगळं, डायरेक्ट वाढलेलं निघालं, आईच्या दुधाच्या कावीळीत ते वाढत नाही. मग लघवीचं कल्चर, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते बघायची तपासणी. पिशवी चिकटवून घेतलं तर कातडीवरचे जंतू मिसळतात, म्हणून बारीक नळी घालून घेतलं, तो रडला तेव्हा हिने माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. दोन दिवसांनी रिपोर्ट आला, ई-कोलाय नावाचे जंतू. लघवीच्या इन्फेक्शनमुळे लिव्हरमधून पित्तच नीट पुढे जात नव्हतं. शिरेतून अँटिबायोटिक दिलं, किडनीची सोनोग्राफी केली, ती नॉर्मल आली, मग कावीळ उतरत गेली.

तू एवढं कर, उद्या जाताना शीचा रंग नीट बघून जा. पांढरट, मातकट असेल तर डॉक्टरांना आधी तेच सांग, कारण पित्तनळी बंद असेल तर ऑपरेशन 60 दिवसांच्या आत झालेलं बरं. आणि ताप 38 डिग्री सेल्सियस (100.4 फॅरनहाइट) किंवा त्याहून जास्त भरला तर सकाळची वाट न बघता रात्रीच निघा.

रिपोर्ट आला की फोटो पाठव, मी जागाच आहे.

तुझा,
बंड्या